रोबो रोज अर्ध्यातच थांबतो? आधी जागा बघा, मग वेळ बघा

केर काढणारा आणि लादी पुसणारा रोबो घरात येऊन दोन-तीन महिने झाले की बऱ्याच घरांत एकच तक्रार सुरू होते. सकाळी लावून दिला आणि दुपारी बघावं तर तो पलंगाखाली, नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात निपचित पडलेला. उचलून डॉकवर, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या तळावर, ठेवला की चालतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथल्या फिकट, सपाट फरशीवर तो व्यवस्थित फिरतो आणि 'मशीनमध्ये दोष नाही' एवढं ऐकून आपण परत येतो. ते उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. दोष एकट्या मशीनमध्ये नसतो, आपली फरशी, आपले उंबरठे, आपले केस आणि ते मशीन यांच्यामध्ये कुठेतरी असतो. म्हणून तो दुकानात सापडत नाही, घरातच शोधावा लागतो.

घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर हे शोधणं पुढे ढकलू नये. बंद पडलेला रोबो म्हणजे वाटेत पडलेली दहा सेंटिमीटर उंचीची वस्तू, बहुधा गडद रंगाची. पहाटे अंधारात पलंगावरून उठून बाथरूमकडे जाणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. केर काढायचा त्रास वाचावा म्हणून आणलेल्या यंत्राला अडखळून कुणी पडता कामा नये.

पुढचं सगळं वर गोल टोपीसारखा लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असलेल्या, खाली ब्रश आणि मागे पुसायचं कापड असलेल्या नेहमीच्या रोबोला धरून लिहिलं आहे. कॅमेऱ्यावर चालणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

पाच फेऱ्यांची नोंद

काहीही उघडण्याआधी पाच फेऱ्या नुसतं बघा. रोबो थांबेल तिथे फरशीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. त्यावर तीन गोष्टी लिहा: सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी थांबला, अ‍ॅपवर बॅटरी किती टक्के होती, आणि थांबताना काय बोलला. अ‍ॅपमधल्या नकाशावर शेवटची जागा दिसते, तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

पाच पट्ट्या झाल्या की चित्र स्पष्ट होतं. पट्ट्या एकाच जागी किंवा एकाच प्रकारच्या जागी असतील तर कारण घरात आहे, म्हणजे उंबरठा, काळी फरशी, बुटका सोफा, वायर. पट्ट्या घरभर विखुरलेल्या आणि मिनिटं मात्र जवळपास सारखी असतील तर कारण रोबोत आहे: गुंतवळ, तुंबलेला फिल्टर किंवा थकलेली बॅटरी. आणि सगळ्या पट्ट्या डॉकच्या आसपास असतील तर रोबोला सोडा, डॉक तपासा.

ही नोंद टाळून थेट ब्रश, बॅटरी, फिल्टर सगळंच बदलणारे बरेच लोक आहेत. पैसे जातात आणि रोबो त्याच दारात पुन्हा थांबतो.

एकाच जागी थांबतो: उंबरठा

आपल्याकडच्या घरांत हे पहिलं कारण. इथे दोन वेगळ्या अडचणी एकसारख्या दिसतात. एक रंगाची, दुसरी उंचीची. उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी कोणती ते ठरवायचं.

रंगाची अडचण अशी. रोबो उलटा करून बघा. पोटाच्या कडेने चार ते सहा छोट्या काळपट खिडक्या दिसतील. हे जिन्यावरून पडू नये म्हणून बसवलेले सेन्सर. प्रत्येक खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडला जातो आणि फरशीवरून परत आलेला प्रकाश मोजला जातो. परत आला तर खाली जमीन आहे, नाही आला तर खड्डा आहे, असा साधा हिशेब. काळी वस्तू हा प्रकाश शोषून घेते, आणि गुळगुळीत घासलेला काळा दगड उरलेला प्रकाश भलतीकडे परतवतो. त्यामुळे दारातली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, स्वयंपाकघरातला कडाप्पा किंवा बुद्धिबळाच्या पटासारख्या फरशीतला काळा चौकोन रोबोला खड्डाच वाटतो. तो पट्टीपाशी येतो, मागे सरतो, तिरका होऊन पुन्हा येतो, पुन्हा मागे सरतो, आणि शेवटी 'सेन्सर पुसा' असं काहीतरी म्हणून थांबतो. आपण सेन्सर पुसतो आणि काही फरक पडत नाही, कारण सेन्सर त्याचं काम चोख करत असतो.

उंचीची अडचण वेगळी. बहुतेक रोबो दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरठा चढतात, तोही चाकं स्वच्छ असतील आणि रोबो सरळ समोरून आला असेल तर. आपले उंबरठे दीड सेंटिमीटरपासून चार सेंटिमीटरपर्यंत काहीही असतात. दोनच्या आसपासचा उंबरठा सर्वांत फसवा. एखाद्या दिवशी रोबो चढतो, एखाद्या दिवशी तिरका येतो, पुढचं छोटं चाक वर जातं, बूड दगडावर टेकतं आणि दोन्ही मोठी चाकं अधांतरी फिरत राहतात. चाक लोंबकळल्याचं कळवणारं छोटं बटण आत असतं, ते दाबलं जात नाही म्हणून रोबो थांबतो.

दोन्हींतला फरक ओळखायला ए-फोर आकाराचे तीन-चार पांढरे कागद लागतात. दाराच्या पूर्ण रुंदीत काळ्या पट्टीवर ते कागद पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बसवा. कडा मोकळ्या राहिल्या तर रोबो कागद ओढून ब्रशमध्ये घेईल. ओढ, म्हणजे केर खेचायचा जोर, अ‍ॅपमध्ये सर्वांत कमी ठेवा, पुसायचं कापड काढा आणि फक्त ती खोली नि शेजारची खोली एवढंच काम द्या. कागदावरून तो सहज पलीकडे गेला तर अडचण रंगाची. कागद असूनही अडकला, किंवा चढता चढता बूड टेकलं, तर उंचीची. क्वचित दोन्ही असतात, तेव्हा आधी उंची सोडवा, कारण फिकट रंगाची उतरण (चढायला तिरकी फळी) लावली की दुसरं कामही होऊन जातं.

रंगासाठी उपाय: दाराची पूर्ण रुंदी झाकेल अशी फिकट राखाडी किंवा बदामी रंगाची, चकाकी नसलेली, फरशीवर चिकटवायची व्हिनाइलची पट्टी. रोबोपुरती, म्हणजे ३५ सेंटिमीटरची वाट ठेवून चालत नाही. तो उरलेल्या काळ्या भागावर पुन्हा पुन्हा जाऊन बघतोच. चिकटवण्याआधी दगड साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा, स्वयंपाकघराच्या दारात तेलकट थर असतो आणि पट्टी आठवड्यात सुटते. सुटलेली कड माणसाच्या पायालाही अडकते, म्हणून कडा महिन्यातून एकदा बोटाने चाचपा.

सगळी फरशीच काळी असेल तर पट्टीने भागत नाही. काही रोबोंच्या अ‍ॅपमध्ये खड्ड्याचा सेन्सर कमी संवेदनशील करायची सोय असते, ती आधी शोधा. काही लोक सेन्सरवर पांढरा कागद चिकटवतात, म्हणजे रोबोला कायम जमीन दिसते. ज्या घरात जिना आहे, बाल्कनीला पायरी आहे किंवा बाथरूमची फरशी दोन-तीन सेंटिमीटर खाली आहे, तिथे हे अजिबात करू नका. जिन्यावरून चार किलोचं यंत्र खाली आलं तर खाली उभ्या असलेल्या मुलाला लागेल, आणि बाथरूमच्या पाण्यात उतरलं तर ते तिथेच संपलं. अशा घरासाठी हा रोबो योग्य नाही असं म्हणून दुसऱ्या खोल्यांपुरता वापरणं बरं.

उंचीसाठी उतरण करून घ्यावी लागते. हिशेब सोपा: उंबरठ्याच्या उंचीच्या सहापट लांबी. अडीच सेंटिमीटरच्या उंबरठ्याला पंधरा सेंटिमीटर लांबीची उतरण, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावली तर रोबो आत जातो आणि परत येताना अडकतो, ही नेहमीची चूक. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) वापरू नका, पुसायच्या पाण्याने महिन्याभरात फुगतं. रबराची तयार उतरण किंवा सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायवूडची करून घ्या आणि वर खरखरीत पट्टी लावा, नाहीतर ओली चाकं घसरतात. मापं घेताना दार कोणत्या बाजूला उघडतं ते बघा. त्या बाजूला दाराच्या खालची फट उतरणीपेक्षा कमी असेल तर दारच लागत नाही, आणि हे बहुधा उतरण चिकटवून झाल्यावर लक्षात येतं.

घरात कुणी वॉकर किंवा काठी वापरत असेल तर सुटी, छोटी, नुसती टेकवून ठेवलेली उतरण कधीही लावू नका. काठीचं रबरी बूड तिच्या कडेवर पडलं की माणूस जातो. लावायची तर दाराच्या पूर्ण रुंदीची, स्क्रूने बसवलेली आणि कड वेगळ्या रंगाने ठळक दाखवलेली. तसं जमत नसेल तर उतरण नकोच. ती खोली अ‍ॅपमध्ये वेगळी ठेवा आणि रोबो हाताने नेऊन सोडा.

त्याच प्रकारच्या इतर जागा

सोफा आणि पलंगाखालची उंची मोजा. लायडारच्या टोपीसकट रोबो साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतो. खालची मोकळी जागा त्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त असेल तर काळजी नाही, आणि कमी असेल तर तो आत शिरतच नाही. बरोबर तेवढीच असेल तर मात्र तो शिरतो आणि मध्ये सोफ्याचं खाली लोंबणारं कापड लागून पाचरीसारखा अडकतो. पायांखाली दोन सेंटिमीटरच्या लाकडी चकत्या द्या, नाहीतर नकाशात तो भाग बंद करा.

लायडार फक्त स्वतःच्या उंचीवरचं बघतो. जमिनीपासून आठ-नऊ सेंटिमीटरच्या खाली जे आहे, म्हणजे पाट, चपला, चार्जरची वायर, ऑफिसच्या खुर्चीचे आडवे लोखंडी पाय, ते त्याला धडकल्याशिवाय कळत नाही. पुढे वेगळा सेन्सर असलेले महाग रोबो जाड वस्तू ओळखतात, पण बारीक वायर आणि दोरा त्यांनाही चुकवता येत नाही. झालर असलेलं पायपुसणं रोज उचलावं लागतं. ते बदलून रबरी पाठीचं, बिनझालरीचं आणा.

आजारी माणसाच्या खोलीबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची पारदर्शक नळी जमिनीवरून येते, लघवीच्या पिशवीची नळी पलंगाच्या कडेला लोंबते, हवेच्या गादीच्या पंपाची नळी आणि वायर पलंगाखाली असते. बाजूचा फिरता ब्रश यातलं काहीही गुंडाळून ओढू शकतो, आणि लघवीची नळी ओढली गेली तर माणसाला आतून इजा होते. अ‍ॅपमध्ये पलंगाभोवती बंद क्षेत्र काढलं म्हणून निर्धास्त राहू नका. नकाशा थोडा सरकला की ते क्षेत्रही सरकतं. माणूस पलंगावर असताना त्या खोलीत रोबो नाही, दार बंद, हाच नियम ठेवा. तिथला केर हातानेच काढावा.

आरसे आणि काचेची दारं हा आणखी एक प्रकार. जमिनीपर्यंत आरसा असलेल्या कपाटासमोर लायडारला आरशात अख्खी दुसरी खोली दिसते, नकाशात भिंतीपलीकडे एक खोटी खोली उगवते आणि रोबो तिथे जायला धडपडत राहतो. जमिनीपासून ७ ते ११ सेंटिमीटर उंचीच्या भागात आरशावर अपारदर्शक पट्टी आडवी चिकटवा आणि नकाशा नव्याने करा.

ठरावीक वेळाने थांबतो: गुंतवळ

दहा-पंधरा मिनिटं चालून, वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर रोबो बंद करून सतरंजीवर उलटा ठेवा. लांब केस असलेल्या दोन माणसांच्या घरात मुख्य ब्रशवर आठवड्याभरात गुंतवळ जमते. तिच्यामुळे मोटारला जास्त जोर लावावा लागतो, ती जास्त विद्युतप्रवाह खेचते, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की रोबो तिला वाचवण्यासाठी स्वतः थांबतो.

ब्रशवरची जाळी दोन खटके दाबून निघते. ब्रश बाहेर काढलात की मधला भाग बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल आणि तुम्हाला वाटेल झालं. खरी गुंतवळ टोकांना असते. ब्रशचं एक टोक चौकोनी असतं, ते मोटारमध्ये बसतं. दुसरं गोल असतं, त्यावर बोटाच्या पेराएवढी टोपी असते. ती टोपी ओढून काढा. आत केस इतके घट्ट वळलेले असतात की ती नमद्याची चकतीच वाटते, आणि लोक तिला ब्रशचा भाग समजून तसंच परत बसवतात. टाके उसवायच्या हत्याराने ब्रशच्या लांबीला समांतर कापा आणि चिमट्याने ओढून काढा. आडवं कापलं तर ब्रशचे केस किंवा रबरी पाती कापली जातात. टोपी परत बसवून ब्रश बोटाने फिरवा. दोन-तीन गिरक्या अडखळल्याशिवाय झाल्या पाहिजेत.

मग बाजूचा ब्रश. काहींचा एका स्क्रूने निघतो, काहींचा सरळ ओढून. त्याखालच्या आसावर गजऱ्याचा दोरा हमखास सापडतो. फुलं गळून पडतात, दोरा फरशीवर राहतो, तो केसापेक्षा चिवट आणि थेट आसाभोवती बसतो. गोधडीचा, पोत्याचा, राखीचा दोरा हेही त्याच जातीचे.

शेवटी पुढचं छोटं चाक, जे जवळजवळ कुणीच काढत नाही. चपटा स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकलं की ते सरळ वर येतं. चाकाची दांडी काढून तिच्यावरचे केस आणि बैठकीच्या भोकातला केरही काढा. हे चाक फिरायचं थांबलं की ते घासत ओढलं जातं, आणि प्रत्यक्षात किती अंतर कापलं याचा रोबोचा अंदाज चुकतो. नकाशा तिरका होण्याचं, खोल्या एकमेकींवर चढण्याचं मूळ बरेचदा इथे असतं. जुन्या वाड्यातल्या किंवा चाळीतल्या शहाबादी फरशीच्या सांध्यांतून फिरणाऱ्या रोबोचं हे चाक लवकर झिजतं; ते एकटं विकत मिळतं.

मोठी चाकं हाताने फिरवून बघा. गिअरचा एकसारखा हलका विरोध जाणवला पाहिजे. एक चाक मोकळं आणि एक जड लागलं तर जड चाकाच्या मागे केस शिरलेत. देवघरासमोर समईचं तेल सांडलेलं असेल किंवा ओट्याखाली फोडणीचे शिंतोडे असतील तर चाकांचं रबर तेलकट होऊन घसरतं. भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या ओलसर फडक्याने रबर पुसा आणि लगेच कोरडं करा.

मुख्य ब्रश आणि चाकं आठवड्यातून एकदा साफ करावीत. खिडक्या, म्हणजे ते खड्ड्याचे सेन्सर, दर दहा-पंधरा दिवसांनी कोरड्या मऊ कापडाने पुसा. पावसाळ्यात दमट धुळीचा पातळ थर त्यांच्यावर चिकटतो, तेव्हा दर आठवड्याला.

रांगोळी, पीठ आणि फिल्टर

रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड. रोबोने ती ओढली की फिल्टरच्या घड्यांत भरते, हवा जायला वाट उरत नाही, पंख्याची मोटार तापते आणि रोबो वीस मिनिटांत थांबतो. शिवाय ती ओल्या कापडाखाली सापडली तर फरशीवर चरे पाडते. दिवाळीत आणि गणपतीत रांगोळी आधी केरसुणीने भरून घ्या आणि मग रोबो लावा. कणीक सांडलेली, कॅरमची पावडर, डासांच्या कॉइलची राख, भिंत घासल्यावरची पुट्टीची धूळ, हे सगळं त्याच यादीतलं. फुटलेली काच आणि सांडलेलं दूध यांसाठीही रोबो नाही.

फिल्टर दर आठवड्याला कचऱ्याच्या डब्याच्या कडेवर हलकेच आपटून झाडा. त्याच्यावर किंवा पुस्तिकेत धुता येतो असं लिहिलं असेल तरच धुवा, आणि धुतल्यावर पुरे चोवीस तास वाळवा. पावसाळ्यात अठ्ठेचाळीस तास, पंख्याखाली. बाहेरून कोरडा लागलेला फिल्टर आत ओला असतो. तो बसवला की धुळीचा चिखल होतो आणि घरभर कुबट वास येतो, जो मग जाता जात नाही. दोन फिल्टर आलटूनपालटून वापरणं हा सर्वांत स्वस्त उपाय. तीन ते सहा महिन्यांनी फिल्टर बदलायचाच.

बॅटरी

ब्रश मोकळा, फिल्टर नवा, तरी तीस-चाळीस मिनिटांत बंद पडतो, आणि अ‍ॅपवर ४० टक्के दिसत असताना एकदम मरतो? मग बॅटरीकडे वळा. बहुतेक रोबोंत चार लिथियम सेल ओळीने जोडलेली १४.४ व्होल्टची बॅटरी असते. चारांतला एक सेल थकला की साध्या फरशीवर ती कशीबशी चालते. गालिच्यावर ओढ वाढली की त्या सेलचं व्होल्टेज एकदम कोसळतं आणि बॅटरीतलं संरक्षक सर्किट सगळंच तोडतं. म्हणून टक्के हळूहळू न उतरता रोबो अचानक बंद होतो.

परीक्षा अशी: रात्रभर चार्ज करा, पुसायचं कापड काढा, ओढ सर्वांत कमी ठेवा, एका मोकळ्या खोलीत दार लावून सोडा आणि घड्याळ लावा. खोली संपली की पुन्हा सुरू करा. नवा असताना जेवढा वेळ चालायचा त्याच्या निम्म्याहून कमी चालला तर बॅटरी बदला. दोन-तीन वर्षं रोज वापर झाल्यावर हे होणं साहजिक आहे, त्यात कुणाचा दोष नाही.

नवी बॅटरी घेताना व्होल्ट तेच, जोडणीचा प्लग तोच आणि वायरींची संख्या तीच हवी. दोनाहून जास्त वायरी दिसतात, त्यांतली एक तापमान कळवणारी असते. ती नसलेली स्वस्त बॅटरी चार्ज होत नाही, किंवा झाली तर किती तापली ते रोबोला कळत नाही. जुनी बॅटरी फुगलेली दिसली तर पुन्हा चार्ज करू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत दबली की पेट घेते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून नवी घेताना जुनी परत घ्या असा आग्रह धरा.

महिनाभर गावी जाणार असाल तर पूर्ण चार्ज करून मुख्य बटणाने बंद करा. डॉकचं बटण बंद आणि रोबो मात्र चालू अवस्थेत डॉकवर, असा ठेवला तर बॅटरी पार तळाला जाते आणि कधी कधी परत येत नाही.

डॉकपाशी थांबतो

डॉकच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि पुढे दीड मीटर मोकळी जागा लागते. लहान फ्लॅटमध्ये हीच मिळत नाही, म्हणून डॉक कपाट आणि फ्रिजच्या मध्ये जातो आणि रोबो पुढे घिरट्या घालतो. एका बाजूला तडजोड चालते, समोर नाही.

डॉकमधून निघणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या खुणेवर रोबो शेवटचं अंतर कापतो. दुपारी बाल्कनीतून ऊन थेट डॉकवर पडत असेल तर ती खूण बुजते. सकाळी नीट लागतो, तीन वाजता नाही, असं नोंदीत दिसलं तर ऊनच कारण. डॉक हलवा, आणि हलवल्यावर नव्याने नकाशा करा.

गुळगुळीत टाइल्सवर डॉक मागे सरकतो, रोबो टेकतो पण चार्जिंगच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना लागत नाहीत. खाली दुहेरी चिकटपट्टी लावा. त्या धातूच्या पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट थर दिसला तर डॉकचा प्लग काढून पेन्सिलच्या खोडरबराने घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. ओलं कापड लावलेला रोबो तासन्‌तास डॉकवर राहिला की हा थर लवकर येतो.

आणि सर्वांत साधं कारण: रात्री झोपताना सगळी बटणं बंद करायची आपली चांगली सवय. त्यात डॉकचंही बंद होतं. त्या बटणावर चिकटपट्टी लावा. जिथे रोज लाइट जाते तिथे डॉक इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा, कारण वीज नसताना डॉकची खूण बंद असते आणि रोबो शोधत शोधत बॅटरी संपवतो. नुसतं चार्ज करणारा डॉक थोडक्या वॅटचा असतो, चालतो. कचरा आपोआप ओढून घेणाऱ्या डॉकमधली मोटार हजार वॅटच्या आसपास जाते, ती लहान इन्व्हर्टर बंद पाडते. डॉकच्या खालच्या लेबलवरचे वॅट वाचून ठरवा.

फेरी चालू असताना रोबो उचललाच तर जिथून उचलला तिथेच, त्याच दिशेला तोंड करून ठेवा. दुसऱ्या खोलीत ठेवला तर तो स्वतःची जागा शोधतो, आणि दोन खोल्या सारख्या मापाच्या असतील तर चुकीची समजूत करून घेतो.

पाणी

टाकीत साधं पाणी. फिनेल, डेटॉल, सोडा काही नाही. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी लादी पुसायला वापरायची पद्धत चांगली आहे, पण बादलीत. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि रोबोच्या बारीक नळ्या काही महिन्यांत तुंबतात. बोअरच्या पाण्याचंही तेच. फेरी झाली की कापड काढून धुऊन वाळत घाला आणि टाकी रिकामी करा.

डॉकच्या वर लावायची चिठ्ठी

रोबो बोलतो इंग्रजीत किंवा हिंदीत, अ‍ॅप एकाच्याच फोनमध्ये, आणि तो थांबतो तेव्हा घरी असतात आजी नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. मावशींना ब्रशची टोपी कशी काढायची ते एकदा हातात देऊन दाखवा, आणि ही चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून डॉकच्या वर भिंतीवर लावा:

रोबो थांबला तर वरचं मोठं बटण एकदा दाबा.
पायाने ढकलू नका. वायर किंवा नळी अडकली असेल तर ओढू नका, आधी रोबो बंद करा.
फरशीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा.
दोन्ही हातांनी उचलून डॉकवर ठेवा. वजन चार किलो आहे.
आजी-आजोबांनी वाकून उचलू नये. रोबोवर पिवळा टॉवेल टाकून ठेवावा, म्हणजे येता-जाता दिसेल, आणि कुणाला तरी हाक मारावी.